पर्यावरणशास्त्र विभागांनी वर्षभर एकही 'दिन' साजरा करू नये

टेकडीकर

धागा काढण्यास कारण की, परवा आमच्याकडे मुलाखती झाल्या. मी ईआयए अहवाल, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचे अहवाल, करणाऱ्या एका छोट्या सल्लागार कंपनीत आहे. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलेली नऊ मुलं आली होती. एकीच्या फाइलमध्ये 41 प्रमाणपत्रं. मोजली मी. ओझोन दिन पोस्टर, पाणथळ दिन प्रश्नमंजूषा, वसुंधरा दिन घोषवाक्य, आणि वेबिनार तर विचारू नका. एका वेबिनारचा फक्त शेवटचा फीडबॅक फॉर्म भरला होता असं तिनंच हसत सांगितलं. प्रामाणिक पोरगी.

तिच्यासमोर टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, ठेवली, 1:50,000 ची, आणि विचारलं, या गावात पडलेलं पाणी कुठल्या बाजूला जाईल? तिनं समोच्च रेषेची, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेची, व्याख्या चोख सांगितली. मग शीटकडे बघत बसली. मग माझ्याकडे. दोन वर्षांत नकाशावर उतार वाचायची वेळच कुणी आणली नव्हती तिच्यावर. बाकी आठांचं कमीअधिक तेच.

म्हणून म्हणतो, एक वर्ष हे सगळे दिन बंद ठेवा. 5 जूनला, पर्यावरण दिनाला, कॉलेजला सुट्टी असते, पाऊस पुण्यात दुसऱ्या आठवड्यात कुठे येतो, तरी खड्डे खणून, पाहुणे बोलावून, जिओटॅगचा फोटो काढून झाड लावायचंच. का? तर नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या, फाइलला सातव्या निकषाखाली पुरावा लागतो.

त्याऐवजी आमच्या सरांनी केलं ते करा. 2009 ची गोष्ट. सरांनी दिन साजरा करायला साफ नकार दिला. आम्हा सहा जणांच्या हातात स्प्रिंगचा वजनकाटा दिला नि म्हणाले, कॅन्टीनचा कचरा सात दिवस मोजा. सांबारात भिजलेले कागदी रुमाल ओल्यात धरायचे की सुक्यात, यावर पहिल्याच दिवशी भांडण. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं हे तो फाडून बघितला तेव्हा कळलं. आणि चौथ्या दिवशी पावणेचारला मागच्या दाराशी उभे होतो म्हणून दिसलं: पुढे हिरवा डबा वेगळा, निळा डबा वेगळा, मागे दोन्ही एकाच पिंपात. डबे रिकामे करणाऱ्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "गाडी एकच येते, मी काय करू?" कचरा व्यवस्थापन हा विषय मला त्या वाक्यानं शिकवला.

---

मास्तरीण

टेकडीकर साहेब, ती फाइल मीच भरते. त्यामुळे अंगावर घेतेच.

माझ्या वर्गात 24 मुलं, त्यातली निम्म्याहून जास्त खेड्यातली. घरात पदवीपर्यंत पोचलेलं पहिलंच माणूस. पोस्टरजवळ उभं राहून अनोळखी परीक्षकाला आपलं म्हणणं सांगणं तुम्हाला पोरखेळ वाटतो. गेल्या वर्षी एक मुलगी त्या पोस्टरपाशी अशी थरथरत होती की मला वाटलं आता पडते. यंदा तिनंच सूत्रसंचालन केलं. पाणथळ दिनाला आलेल्या एका संशोधकाशी जेवणाच्या रांगेत बोलून एकानं प्रबंधाचा विषय मिळवला. ज्यांच्या मामा-काकांत कुणी या क्षेत्रात नाही, त्यांच्या ओळखी होणार कुठे? कार्यक्रमातच.

आणि कार्यक्रम म्हणजे फक्त हारतुरे, असं कुणी सांगितलं? कॅम्पस बर्ड काउंट हा कार्यक्रमच आहे. फेब्रुवारीतले चार दिवस, एका वेळी किमान पंधरा मिनिटं, दिसतील ते सगळे पक्षी मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचे. आमची मुलं पाण्याच्या टाकीमागे उभी राहून करतात. साळुंकी आणि भांगपाडी मैना यांतला फरक तिथेच कळतो, वर्गात नाही.

अडचणी तुम्हाला दिसत नाहीत. 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह, अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. कल्पना सुरेख. पण त्या आठवड्यात आमच्याकडे एकतर दिवाळीची सुट्टी, नाहीतर परीक्षा. पहाटे साडेपाचला मुलींना टेकडीवर न्यायचं तर पालकांची पत्रं, प्राचार्यांची सही, बसचं भाडं, सोबत आणखी एक महिला शिक्षक. तुमच्या सरांना 2009 मध्ये यातलं किती करावं लागलं?

---

काडेपेटी

खुर्ची घेऊन बसलो आहे. चालू द्या.

---

झेरॉक्स सेंटर

दोघांचंही चुकतंय.

मोजमाप करायला लावा म्हणता ना? ते करून झालंय. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये, पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर, पर्यावरण विषय शिकवायला सांगितला. पुढे 2003 च्या सुमारास यूजीसीचा, विद्यापीठ अनुदान आयोगाचा, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला, सगळ्या शाखांना सक्तीचा. 100 पैकी 25 गुण क्षेत्रकामाला. जवळची नदी, टेकडी, गवताळ रान बघा, प्रदूषित जागा बघा, नोंदी करा. कागदावर याहून चांगलं काय असतं?

झालं काय? कॉलेजसमोरच्या दुकानात 'पर्यावरण प्रकल्प' तयार मिळतो. कव्हर पेजवर नाव बदलायचं. 'माझ्या परिसरातील जलप्रदूषण', आणि परिसर कोल्हापूरचा, विद्यार्थी जळगावचा. तुमचा कचऱ्याचा वजनकाटा सक्तीचा करा, दुसऱ्या वर्षी कचऱ्याचे आकडेही दुकानात मिळतील. सरांमुळे झालं ते, पद्धतीमुळे नाही.

---

कुसळी

मी कार्यक्रमातूनच आले आणि कार्यक्रमांनी मला काही शिकवलं नाही, अशी माझी स्थिती आहे.

एमएस्सीनंतर लोक जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांबद्दल लोकांना असलेली माहिती लिहून ठेवायचं, काम मिळालं. जैवविविधता कायदा 2002 चा. प्रत्येक ग्रामपंचायतीची समिती हवी, तिची नोंदवही हवी. कित्येक वर्षं रखडलेलं. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयानं, 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि एकदम धावाधाव सुरू झाली. आमच्यासारख्यांना काम मिळालं ते त्यामुळे. घाईत झालेल्या कामाच्या दर्जाबद्दल इथे न बोललेलं बरं.

एका गावात मेंढरं चारणाऱ्या आजोबांबरोबर माळावर फिरत होते. मी यादीत लिहिलं, 'गवत'. ते थांबले. "कुठलं गवत, बाय? ह्यो पवन्या, त्यो मारवेल, आन ही कुसळी, भादव्यापतूर मेंढरं खात्यात, कुसं आली की तोंडाला टोचती." दहा पावलांत तीन नावं, आणि कुठलं कधी खायचं तेही. मला तिघांतला फरक दिसतसुद्धा नव्हता. अशाच माळावर एनएसएसच्या शिबिरात आम्ही खड्डे खणून झाडं लावली होती. 'ओसाड जमिनीचं हरितीकरण' म्हणून प्रमाणपत्र मिळालं होतं. ते अजून आहे घरी.

मास्तरीणबाई, सूत्रसंचालन चांगलंच. पण मग एका कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून अशा आजोबांना बोलवाल का?

---

हिंगोलीकर

तुम्ही पुण्यामुंबईकडचे लोक कशावर भांडताय हेच कळेना. आमच्याकडे तीन वर्षांत एक वेबिनार झाला, त्यातही निम्मा वेळ पाहुण्यांचा माइक म्यूट. आम्हाला दिन नको झालेत असं म्हणण्याइतके दिन आधी येऊ तर द्या.

आणि संधी म्हणाल तर. बीएस्सीला मी पर्यावरणशास्त्र घेतलं ते वनसेवेत जायचं म्हणून. नंतर यूपीएससीची जाहिरात नीट वाचली. भारतीय वनसेवेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, पशुवैद्यक-पशुसंवर्धन यांतला एक विषय पदवीला हवा, नाहीतर कृषी, वानिकी, अभियांत्रिकीची पदवी. पर्यावरणशास्त्र त्या यादीत नाही! जंगलाच्या नोकरीला गणितवाला चालतो. माझा जोडविषय प्राणिशास्त्र होता म्हणून वाचलो, पण हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगायला नको? यावर घ्या ना एक कार्यक्रम. अर्ध्या तासाचा. हार नको, नारळ नको.

इंटर्नशिपचंही तसंच. पुण्यातल्या संस्थेत दोन महिने, बिनपगारी. कॉट बेसिस आणि मेस मिळून महिन्याला आठ हजार. बापाला सांगायचं काय, फुकट काम करायला पैसे द्या?

---

टेकडीकर

हिंगोलीकर, यादीचं मला ठाऊक होतं, पण प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही हे लक्षात आलं नव्हतं. सलाम. बिनपगारीबद्दल तर बोलायलाच नको, आमची कंपनीही देत नव्हती. गेल्या वर्षापासून देतो, थोडं.

झेरॉक्स सेंटर, मुद्दा बोचला. पण दुकानात जे मिळत नाही असं एक सांगतो: जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाबद्दल गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायची सरकारी सभा. 14 सप्टेंबर 2006 च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना ती लागते त्यांची नोटीस किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात येते. गावाजवळ मांडव पडतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर जिल्हाधिकारी अध्यक्षस्थानी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक बाजूला, चित्रीकरण चालू. अहवालाचा सारांश मराठीत आधी ठेवावा लागतो. तो वर्गात वाचा, मग मांडवात मागे बसून ऐका. प्रवेश फी नाही, प्रमाणपत्र नाही.

एका सुनावणीत एक शेतकरी सारांश हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "यात माझ्या गटाला कर्ज क्षेत्र लिहिलंय. मी कुठल्याच बँकेचं कर्ज काढलेलं नाही." भरावासाठी माती-मुरूम उचलायच्या जागेला इंग्रजीत बॉरो एरिया म्हणतात. भाषांतर करणाऱ्यानं शब्दकोश उघडला होता, शेत बघितलं नव्हतं. मांडव हसला. मी हसलो नाही, कारण तो सारांश आमचाच होता.

---

मास्तरीण

म्हणजे ज्या कंपनीचा अहवाल, तिचाच माणूस आमच्या पोरांना सुनावणीला या म्हणतोय. छान. आणि तिथे घोषणाबाजी झाली, दगड पडला, एखादं पोरगं कुणाच्या बातमीच्या फोटोत आलं, तर प्राचार्यांपुढे मी उभी राहायची.

कुसळी, आजोबांचं मनापासून पटलं. मानधनाच्या व्हाउचरवर 'पदनाम' असा रकाना असतो, तिथे काय लिहू तेवढं सांगा. चेष्टा नाही करत, खरंच अडतं.

---

टेकडीकर

आमचाच अहवाल असला तरी आणा. तुमच्या पोरांनी चूक काढली तर मला आवडेल. साहेबांना आवडेल की नाही, माहीत नाही.

---

कुसळी

पदनाम: गवततज्ज्ञ.

---

कर्मवीरांचा चेला

मी 'कमवा आणि शिका'मधून, कॉलेजातच काम करून शिकायच्या योजनेतून, शिकलो. तीन वर्षं ग्रंथालयातली पुस्तकं पुसली, परीक्षा विभागात गठ्ठे बांधले. तासाचे पैसे मिळायचे, त्यावर मेस निघायची. भाऊराव पाटलांपासूनची ही वाट आपल्याकडे आहे, आणि इथे एवढ्या प्रतिसादांत तिचं नावही नाही.

तीच योजना, तोच तासाचा दर. फक्त पुस्तक पुसण्याऐवजी पोरानं रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचायचा, आठवड्याला विहिरीची पातळी मोजायची, महिन्याला कॅन्टीनचा कचरा. पैसे मिळतात म्हणून पोरगं नोंद टाळणार नाही, आणि हजेरीपत्रकावर रोज सही असते म्हणून सगळं एकदम झेरॉक्सही करता येणार नाही. एक पोरगं गेलं की दुसरं. पाच वर्षांनी विभागाकडे स्वतःची पाच वर्षांची वही असेल.

---

झेरॉक्स सेंटर

रविवारी साडेआठला कोण येणार?

---

कर्मवीरांचा चेला

वसतिगृहातला. मेसचे पैसे रविवारीही लागतात.

---

मास्तरीण

योजनेचे प्रमुख आमच्याच मजल्यावर बसतात, सोमवारी विचारते. टेकडीकर, वजनकाटा किती किलोचा लागतो?

16 सप्टेंबरची, ओझोन दिनाची, पोस्टर स्पर्धा मात्र होणार म्हणजे होणार.

---

टेकडीकर

पन्नास किलोचा घ्या, हुक असलेला. भंगारवाल्यांकडे असतो तसा. आणि पिंप उचलायला दोन जण लागतात, एकट्या पोराला लावू नका.