ब्लॅकआउटची खोली मांडायची आहे: पासष्टची की एकाहत्तरची?

ठाणेकर_आजी
नमस्कार मंडळी. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ शाळेतल्या मुलांसाठी 'युद्धकाळातलं घर' म्हणून एक खोली मांडतोय. दहा बाय बारा, दोन खिडक्या, दारावर काचेची झडप. आठवणींचा धागा वेगळा चालू आहेच, इथे मला कृती हवी आहे. काचेवर कागदी पट्ट्या चिकटवायची खळ कशी करायची, पट्ट्या किती रुंद, दिव्याला काय लावायचं? शिवाय संघात दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात १९६५ ची खोली करा, निम्मे म्हणतात १९७१ ची. ब्लॅकआउट तो ब्लॅकआउट, विमानहल्ल्याच्या भीतीने रात्री घरातला उजेड बाहेर फुटू द्यायचा नाही, त्यात फरक काय पडणार?

चाळ_नंबर_तीन
आजी, फरक पडतो आणि तो हवेचा आहे. पासष्टचं युद्ध सप्टेंबरातलं, तेवीस तारखेला थांबलं. मुंबई-ठाण्यात तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो, काच दमट, खळ वाळता वाळत नाही. एकाहत्तरचं ३ ते १६ डिसेंबर, कोरडी हवा. अंधाराची वेळही वेगळी. मुंबईत सप्टेंबरच्या मध्याला सूर्य साडेसहानंतर मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. म्हणजे एकाहत्तरमध्ये ऑफिसं सुटायच्या वेळेलाच अंधार.

आता खळ. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. चार वाट्या पाणी उकळून त्यात धार धरून ओता, ढवळत राहा. मंद आचेवर पांढुरकेपणा जाऊन चकाकी आली की उतरवा. कोमट झाल्यावर अर्धा छोटा चमचा मोरचूद (कॉपर सल्फेट) थोड्या पाण्यात विरघळवून घाला. मोरचूद नसेल तर दमट हवेत बुरशी धरते आणि झुरळं, कसर कागद कुरतडतात. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, मोरचूद त्याला खातो. मोरचूद विषारी आहे, म्हणून भांडं पुन्हा स्वयंपाकात नको आणि पोरांच्या हाती खळ नको.

पट्ट्या खाकी कागदाच्या, दीड इंच रुंद. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायची. काच मोठी असेल तर आणखी पट्ट्या घालून मोकळी जागा सहा इंचांपेक्षा जास्त सोडायची नाही. नाटक-सिनेमाच्या सेटवर हमखास चुकतं ते एकच: पट्टी काचेवरच संपवतात. तिचं टोक लाकडी चौकटीवर चढलं पाहिजे. पट्टीने काच फुटायची थांबत नाही, फुटलेले तुकडे घरभर उडत नाहीत इतकंच. टोक चौकटीला धरलेलं नसेल तर तुकडे पट्टीसकट खाली येणार.

वऱ्हाडी_मास्तर
वरच्या प्रतिसादाला दुजोरा, एक भर घालतो. 'डिसेंबर म्हणजे कोरडं' हे किनाऱ्यावर ठीक. नागपूरकडे पहाटे पारा १२-१३ अंशांवर येतो. बंद खोलीत माणसांचा श्वास, चुलीवरचं आधण, सगळी वाफ गार काचेच्या आतल्या अंगाला धरते आणि पट्टी खालच्या टोकाकडून सुटते. अमृतसर, पठाणकोटकडे तर थंडी आणखी कडक. उपाय साधा: काच धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून तेलकटपणा काढा, दुपारी ऊन आल्यावर चिकटवा, खालच्या टोकाला खळ दुप्पट लावा.

खंदक दाखवणार असाल तर तिथेही मातीचा फरक आहे. साधारण साडेचार फूट खोल, तळाशी दोन फूट रुंद, आणि सरळ नाही तर नागमोडी किंवा काटकोनात. सरळ खंदकात स्फोटाचा झोत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. मुरमाची भिंत उभी राहते. काळी माती पावसात ढासळते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुंबईत सप्टेंबरात खणलात तर दोन दिवसांत डासांचं तळं. उपसलेली माती काठापासून दीड फूट लांब टाकायची, नाहीतर तीच परत आत येते. शाळेत खणू नका हो, जमिनीवर चुन्याने आखा.

वायरमन_निवृत्त
दिव्याबद्दल. १५ वॉटचा पिवळा बल्ब, त्यावर काळ्या कागदाची टोपी, उजेड फक्त खाली. कागद बल्बला टेकला तर करपतो, म्हणून चारी बाजूंनी दोन इंच अंतर आणि वर उष्णता जायला जागा. त्यापेक्षा दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा बरा. आज एलईडी लावलात तर तेवढा तापणार नाही, पण पांढरा घेऊ नका, खोली खोटी दिसेल.

उजेड खिडकीतून कमी आणि दारावरच्या झडपेतून जास्त फुटतो. ती नुसती बुजवली तर घुसमट होते, आणि आत स्टोव्ह चालू असेल तर जिवावरचं काम. म्हणून दोन काळ्या फळ्या चार इंच अंतराने पुढेमागे बसवायच्या, एक वरून खाली आलेली, दुसरी खालून वर गेलेली. हवा वळसा घालून येते, उजेड अडतो. दाराला दोन पडदे, मध्ये अडीच-तीन फूट, म्हणजे एक सरकवताना दुसरा बंद राहतो. तपासायचं बाहेरून, आणि पंधरा-वीस मिनिटं अंधारात थांबून. लगेच बघितलं तर डोळे सरावलेले नसतात, फट दिसतच नाही.

पंचांगही बघा. २ डिसेंबर १९७१ ला पौर्णिमा होती. म्हणजे पहिल्या रात्री वर चांदणं लख्ख, समुद्र आणि खाडी चमकणार, तिथे खिडकी झाकून किती लपणार! खरा काळोख दुसऱ्या आठवड्यात. पासष्टमध्येही १० सप्टेंबरला पौर्णिमा होती, पण ढग असले तर चांदणं अडणार, आणि ढग फाटले की ओले पत्रे नि डांबरी रस्ते चकाकणार.

भोंगा वाजवणार असाल तर धोक्याचा वरखाली होणारा, धोका टळल्याचा एकसुरी, दोन्ही दोन-दोन मिनिटं. आतल्या आत, हळू आवाजात, आणि शाळेला आधी सांगून.

ठाणेकर_आजी
एकाहत्तर ठरलं! खळ वाळेल तरी. शेवटचं एक: एका काचेला पूर्ण काळा रंग द्यायचाय, पण शाळा म्हणते नंतर काच जशीच्या तशी हवी.

चाळ_नंबर_तीन
मग तेलरंग नको, तो ब्लेडनेच खरवडावा लागतो. काजळी पातळ सरसात कालवा, सरस आधी गरम पाण्यात विरघळवून घ्या. दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये तासभर वाळू द्या. काजळी पाण्यात लवकर मिसळत नाही, वर तरंगते. आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून घ्या. काढताना कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं काचेवर चिकटवून ठेवा, मग पुसा. चौकटीच्या लाकडाला मात्र आधी कागद लावा, त्यात मुरलेली काजळी निघत नाही.