अमेरिकेच्या जंगलांतील घोडवाटा : राखायच्या कोणी?

रानवाटा (धागाकर्ता)

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत सुमारे १,५८,००० मैल, म्हणजे अडीच लाख किलोमीटरांहून अधिक लांबीच्या वाटा आहेत. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ साली दिलेल्या अहवालानुसार त्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा फॉरेस्ट सर्व्हिसच्या (तिथल्या वनखात्याच्या) स्वतःच्याच निकषांना उतरत होता आणि तुंबलेल्या देखभालीचा खर्च ३१ कोटी ४० लाख डॉलरांवर गेला होता. अशा स्थितीतही घोड्या-खेचरांच्या कितीतरी वाटा चालू राहिल्या, याचे श्रेय मी ‘बॅक कंट्री हॉर्समेन’सारख्या संघटनांच्या स्वयंसेवकांना देतो. ही संघटना १९७३ साली मोंटाना राज्यातील फ्लॅटहेड खोऱ्यातल्या घोडेस्वारांनी सुरू केली.

हे काम घोडेवाल्यांकडेच का जाते, याचे कारण १९६४ च्या वन्यक्षेत्र कायद्यात आहे. या कायद्याखाली राखलेल्या क्षेत्रात मोटारच काय, यांत्रिक करवतही चालत नाही. मोंटानातील दहा लाख एकरांच्या बॉब मार्शल वन्यक्षेत्रात वाटेवर झाड आडवे पडले, तर ते दोघांनी दोन टोकांना धरून ओढायच्या लांब करवतीनेच कापावे लागते. आणि ती करवत, कुदळी, तंबू, आठवडाभराचा शिधा हे सगळे खेचरांच्या पाठीवरून आत न्यावे लागते. एक खेचर साधारण ७० किलो वाहते. ज्यांच्याकडे अशी जनावरे आहेत आणि ती हाकण्याचे कसब आहे, त्यांनी वापरायची वाट स्वतःच दुरुस्त करावी, यात मला काहीही वावगे दिसत नाही.

हिशेबनीस

वावगे आहे, आणि ते स्वयंसेवकांच्या हेतूत नसून सरकारच्या सोयीत आहे. २०१६ साली संसदेने वाटांच्या देखभालीसाठी जो कायदा केला, त्यात स्वयंसेवक आणि भागीदार संस्थांकडून होणारे काम पाच वर्षांत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. पगारी माणसे दुप्पट करण्याचे उद्दिष्ट मात्र कोणी ठेवले नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये याच वनखात्यातील हजारांच्या घरात कर्मचारी एका फटक्यात कमी करण्यात आले. करवत चालवायची तर स्वयंसेवकालाही खात्याच्या नियमांनुसार परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. परीक्षा घेणारा माणूस घरी बसला, तर हौशी लोकांनी जायचे कोणाकडे? फुकटच्या कामालाही आखणी, पाहणी आणि देखरेख लागते, आणि ती पगारी माणसाशिवाय होत नाही.

पायवाटकरी

आपण दोघेही घोडा हा निरुपद्रवी प्राणी आहे असे गृहीत धरून बोलत आहात. मोंटानातच गॅलाटिन वनात पायी चालणारे, घोडे, सायकली आणि मोटारसायकली यांची तुलना करून पाहिली गेली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत सर्वांत जास्त माती मोकळी केली ती घोड्यांनी. चार-साडेचारशे किलोंचे वजन चार टापांवर पडते, आणि वाट ओली असेल तर तिचा चिखल व्हायला एक दुपार पुरते. शिवाय चाऱ्यातून व लिदीतून तणांचे बी येते, उंचावरची कुरणे चरली जातात. कॅलिफोर्नियातील सेक्वोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांत पायी भटकणाऱ्यांची संघटना याच कारणासाठी न्यायालयात गेली, न्यायालयाचा कौल उद्यान प्रशासनाच्या विरोधात लागला, आणि २०१२ साली संसदेने स्वतंत्र कायदा करून घोड्यांचा प्रवेश सांभाळून घेतला. थोडक्यात, आपणच केलेली नासधूस आपणच निस्तरायची आणि वर तिला सेवा म्हणायचे, असा हा प्रकार आहे. घोड्यांवर निर्बंध येतील या धास्तीनेच तर मुळात ही संघटना जन्माला आली.

रानवाटा

धास्ती होती, हे खरे आहे. पण हितसंबंध असला म्हणून श्रमाचे मोल कमी होत नाही. तणांबद्दल म्हणाल, तर अनेक राष्ट्रीय वनांत तणमुक्त असल्याचा दाखला असलेला चाराच नेता येतो. जनावर झाडाच्या बुंध्याला न बांधता, दोन झाडांना रुंद पट्टे लावून त्यांच्यामध्ये उंच ताणलेल्या दोराला बांधायचे, ही शिस्त हेच लोक नवख्यांना शिकवतात. मातीचे म्हणाल, तर टापेने मोकळी झालेली माती वाहून नेते ते पाणी. वाटेवर ठरावीक अंतराने तिरके ओंडके किंवा दगड बसवून पाणी उताराकडे काढून दिले, तर ती टिकते. आणि हे गाळाने भरलेले चर दरवर्षी उपसणे, हेच या मंडळींचे निम्मे काम असते. बरे, पश्चिम अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या वाटेच्या २,६५० मैलांवर पायी चालणाऱ्यांसाठी जी पथके राबतात, त्यांतील अनेकांचा शिधा आणि अवजारे घोडेवालेच पोहोचवतात.

माथेरानकर

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. माथेरानला मोटारबंदी आहे आणि घोडा हे तिथे पोटापाण्याचे साधन आहे. म्हणून रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवल्याने घोडे घसरतात, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अमेरिकेत घोडा, त्याला न्यायची गाडी, चारा आणि पशुवैद्य हे सगळे पदरचे पैसे घालून बाळगणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो. तो ज्या वाटेवर राबेल, ती वाट टिकणार. मग ज्या वाटेला असा आश्रयदाता नाही, तिचा वाली कोण? सार्वजनिक जमिनीवरचा प्राधान्यक्रम अशा रीतीने खासगी सवडीवर ठरू लागला, तर तो कोणी मतदानाने ठरवलेला नसतो.

डोंगरपल्याड

मी मोंटानात राहते आणि अशा पथकांबरोबर काम केले आहे, म्हणून लिहिते. कोणती वाट घ्यायची याची यादी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाकडून येते. आपल्या मर्जीने नवी वाट पाडता येत नाही. १९७२ च्या कायद्यानुसार काम करताना इजा झाली, तर स्वयंसेवकाला भरपाईपुरते संघराज्याचा कर्मचारी मानले जाते, म्हणजेच जबाबदारी सरकारचीच राहते. तरीही माथेरानकरांचे म्हणणे मी सरळ खोडून काढणार नाही, कारण यादी कार्यालयाची असली तरी तिच्यातले आधी काय उचलायचे, हे किती माणसे आणि किती खेचरे आली यावर ठरते. एक गोष्ट मात्र इथे कोणीच मांडली नाही. वणवा लागून गेलेल्या रानात जळके खोड पुढची कितीतरी वर्षे पडत राहते. यंदा मोकळी केलेली वाट पुढच्या वसंतात पुन्हा ओंडक्यांनी भरलेली असते. एकदा निधी देऊन हे काम संपत नाही.

हिशेबनीस

म्हणूनच तर कायमची पगारी माणसे हवीत. स्वयंसेवकांच्या तासांना दर लावून ‘इतक्या डॉलरांचे योगदान मिळाले’ असे अभिमानाने मांडले जाते. माझी मागणी एवढीच आहे की, तेच तास न भरलेल्या पदांच्या रकान्यात दाखवावेत, म्हणजे संसदेसमोर तूट उघडी पडेल.

रानवाटा

तो रकाना अवश्य असावा. परंतु पदे भरेपर्यंत स्वयंसेवकांनी हात आखडता घ्यावा, असे आपल्याला सुचवायचे असेल, तर ते मला मान्य नाही. सलग काही हंगाम करवत फिरली नाही की वाट झुडपांत बुजते, आणि बुजलेली वाट वनखाते कधी ना कधी यादीतूनच काढून टाकते. मग तिची तूट आपण कोणत्या रकान्यात दाखवणार आहात?