सीझन संपल्यावर पोहणाऱ्या मुलांना तीन आठवडे सुट्टी द्यावी की नाही?

निळी_लेन
लेक तेरा वर्षांची, २०० मीटर बटरफ्लाय पोहते. नॅशनल्स झाल्या आणि लगेच पुढच्या सोमवारी पहाटे पाचला परत पाण्यात. वेणी घालताना उजवा हात डोक्यामागे नेता नेता ती मध्येच थांबते, आठवडाभर बघतेय. सरांना म्हटलं, तीन आठवडे राहू दे घरी. ते म्हणाले, "तीन आठवडे बसली की तीन महिने मागे गेली." मला हे अजिबात पटत नाही. २५ मीटरच्या तलावात पाच किलोमीटर म्हणजे २०० लेंग्थ. फ्रीस्टाइलला लेंग्थमागे वीस हात धरले, तर एकेक खांदा रोज दोन हजार वेळा फिरतो. वाढत्या वयात त्याला वर्षातून एकदा तरी उसंत नको?

डेकवरचा_कोच
ताई, राग मानू नका, मी सरांच्या बाजूने. धावणारा सुट्टीतही दिवसभर पायांवरच असतो. पोहणाऱ्याला पाण्याबाहेर पाणी कुठून मिळणार? पकड सुटली की टायमिंग गेलंच. अमेरिकेचा मायकेल फेल्प्स किशोरवयात वर्षानुवर्षं रविवारीही पोहला. त्याचे कोच बॉब बोमन यांचा हिशोब साधा होता: बाकीचे रविवारी थांबतात, म्हणजे आपल्याला वर्षाला ५२ दिवस जास्त. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णं आली. शिवाय आपल्याकडे शालेय जिल्हा, विभाग, राज्य, मग असोसिएशनच्या स्पर्धा, मग खेलो इंडिया. यात ऑफ-सीझन बसवायचा कुठे?

जुना_फ्रीस्टायलर
फेल्प्सची अर्धीच गोष्ट सांगितलीत. २०१२ च्या लंडननंतर तो निवृत्त झाला, २०१४ मध्ये परतला आणि २०१६ ला रिओत पाच सुवर्णं, एक रौप्य. अमेरिकेच्याच केलेब ड्रेसेलने टोकियो ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्णं घेतली, २०२२ ला बुडापेस्टची जागतिक स्पर्धा अर्ध्यात सोडली, कित्येक महिने तलावापासून लांब राहिला. पॅरिसला रिलेत पुन्हा सुवर्ण. आणि आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे! तहसीलदारकीत पोहणं मागे पडलं होतं, तरी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला राष्ट्रीय विक्रम केला. कांस्य हुकलं ते ०.०१ सेकंदाने.

डेकवरचा_कोच
ही उदाहरणं तर माझ्याच बाजूची! ड्रेसेल २०२३ ला अमेरिकेच्या जागतिक स्पर्धेच्या संघातही बसला नाही. आणि वीरधवलला ती वर्षं सलग पाण्यात मिळाली असती, तर तो एक शतांश सेकंद निघाला नसता का? ही सगळी पाया पक्का झाल्यावर थांबलेली माणसं. तेराव्या वर्षी पाया भरणं चालू असतं.

खांदेदुखी_फिजिओ
दोघंही वर्षांच्या गोष्टी करताय, प्रश्न तीन आठवड्यांचा आहे. सराव थांबला की आधी रक्तातला द्रव भाग घटतो, म्हणून परतल्यावर सुरुवातीला दम लागतो, अंग जड वाटतं. ते लवकर भरून येतं. महिनाभर थांबलं तर जमिनीवरची ताकद बरीचशी टिकते, पण पाण्यात लावता येणारा जोर कमी होतो. तेव्हा कोच म्हणतात त्यात तथ्य आहे. पण "तीन महिने मागे" ही निव्वळ भीती घालणं झालं. दमलेले स्नायू खांद्याचा गोळा खोबणीत नीट धरू शकत नाहीत, आणि दुखण्याची सुरुवात तिथूनच होते. ताई, हात वर जात नसेल तर सुट्टीची वाट न बघता आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

दहावीची_आई
मी सुट्टीच्या विरोधात, कारण वेगळं. आमच्या मुलाने बोर्डाच्या वर्षी "फक्त परीक्षेपुरतं" पोहणं थांबवलं. निकाल लागला, मग अकरावीचे क्लास, आणि तो परत गेलाच नाही. गॉगल अजून कपाटात आहे. घरातला शिस्तीचा गाडा एकदा थांबला की हलवायला फार जड जातं.

जुना_फ्रीस्टायलर
परतायची तारीख न ठरवता थांबला, म्हणून तसं झालं. तीन आठवडे सीझनच्या वेळापत्रकातच लिहून ठेवा, पाण्यात उतरायच्या तारखेसकट. मधल्या काळात सायकल, फुटबॉल, मामाचं गाव. बारा महिने तलावाच्या तळावरची काळी रेघ बघणारं पोर सोळाव्या वर्षी स्वतःहून सोडतं, ते का मोजत नाही कुणी?

निळी_लेन
उद्याच डॉक्टरांकडे नेते. पण खांदा ठीक निघाला तरी माझी मागणी तीच. डिसेंबरच्या स्पर्धेला नाही गेली तरी चालेल मला.

डेकवरचा_कोच
खांदा दुखतोय तोवर माझाही आग्रह नाही. बरी असेल तर फार तर दहा दिवस पूर्ण बंद, त्यानंतर आठवड्याला तीनदा पाण्यात, घड्याळ न लावता. आणि डिसेंबरचं तिलाही विचारा.