आंब्याचं आळं खणताना बेडूक निघाला, आता काय करू?

अंगणवेल (फलटण):
आज सकाळी आंब्याचं आळं मोठं करायला घेतलं. एप्रिलची जमीन, कुदळ ठण्ण वाजत होती. हातभर खाली एक ढेकूळ सुटलं, फोडायला गेले तर आत बेडूक. लिंबाएवढा, गुबगुबीत, पाय पोटाशी घेऊन डोळे मिटून बसलेला. बोट लावलं तरी ढिम्म. मेला समजून बाजूला ठेवला, तर गळा किंचित हलला. कुदळीचं टोक मागच्या पायाला निसटतं लागलंय, खरचटलंय. सासूबाई हळदीची वाटी घेऊन आल्या, त्यांना कसंबसं थोपवलं. ह्यांचं म्हणणं, बेडूकच तो, हौदात सोड. सध्या कुंडीत ठेवून वर चाळण उपडी घातलीय, मांजर घिरट्या घालतंय. लवकर सांगा!

चिखल्या:
ताई, हौदात अजिबात नको! हा बिळकरी बेडूक, पोहण्यात कच्चा. हौदाच्या गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही, दमून बुडेल. तो उन्हाळा काढायला झोपलाय. जमीन वाळली की हे खाली जातात आणि पहिल्या जोरदार पावसाला वर येतात. (‘पावसातून बेडूक पडले’ म्हणतात ते हेच.) तोवर खाणं नाही, म्हणून किडे वगैरे समोर ठेवू नका. श्वास बराचसा कातडीतून, त्यामुळे हळद, डेटॉल काही लावायचं नाही. लावाल ते आत जातं. हात साबणाशिवाय धुऊन, ओले ठेवूनच उचला.

त्याच आंब्याच्या सावलीत, तुमचं खणून झालंय त्या बाजूला दीड फूट माती भुसभुशीत करा. ओल वाफशाइतकीच, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये. चिखल केलात तर पाऊस आला समजून उठेल आणि साठवलेली ताकद वाया घालवेल. वर माती सैल लोटा, थापू नका. मग पालापाचोळा.

कडूकारलं:
बेडकामागे साप येतो हो. कशाला लाड?

अंगणवेल:
कारलेभाऊ, तो आधीपासून तिथंच होता. मीच त्याच्या घरात कुदळ घेऊन गेले.

बांधावरचा:
चिखल्यांचं बरोबर. फक्त मुंग्यांचं वारूळ जवळ नाही ना ते आधी बघा. झोपलेल्या, जखमी बेडकाला मांजरापेक्षा लाल मुंग्यांची भीती जास्त. ठिबकच्या थेंबाखालीही नको. खरचटलेलं असेल तर आपोआप भरतं; हाड दिसत असेल किंवा पाय लोंबत असेल तर गावातल्या सर्पमित्राला फोन करा. बेडूक म्हणून हसणार नाही तो.

अंगणवेल:
पाय धड आहे. ऊन उतरल्यावर ठेवला. माती अंगावर पडली तशी त्यानं मागचे पाय एकदा ताणले आणि ढुंगणाकडून खाली सरकायला लागला, कंडक्टरनं शिटी मारल्यावर एसटी मागे घेतात तसा! पाच मिनिटांत नुसतं नाक उरलं, मग तेही गेलं. सासूबाई शेवटपर्यंत बघत होत्या, हळदीची वाटी हातातच.

खूण म्हणून काठी रोवलीय. आळ्याचा उरलेला अर्धा भाग आता मृग लागल्यावर, तोही खुरप्यानं. ह्यांना सांगून टाकलंय.