देश मागे राहतो तो भूगोलामुळे की कारभारामुळे?

नकाशेवेडी
‘गरीब देश गरीब राहतात ते तिथल्या भ्रष्ट राज्यकर्त्यांमुळे’ हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हा धागा. काँगो नदी घ्या. पाण्याच्या प्रवाहात अ‍ॅमेझॉनखालोखाल जगात दुसरी, आतल्या भागात हजारो किलोमीटर होड्या आणि बार्ज चालतात. पण काँगोची राजधानी किन्शासाहून समुद्राकडे येताना ती खळाळांवरून सुमारे २७० मीटर खाली कोसळते. समुद्रावरून आलेलं जहाज माताडी बंदरापाशीच थांबतं. तिथे माल उतरवायचा, रेल्वेत किंवा ट्रकवर चढवायचा, साडेतीनशे किलोमीटर न्यायचा, किन्शासाला पुन्हा उतरवून बार्जवर चढवायचा. प्रत्येक चढउताराला हमाली, वेळ, नासधूस. हा खर्च कोणत्याही सरकारने लादलेला नाही आणि कोणत्याही निवडणुकीने जाणार नाही. तिकडे मिसिसिपीवर धान्याने भरलेला बार्ज मिनेसोटातून निघून थेट मेक्सिकोच्या आखातापाशी पोचतो.

रोखठोक
अजिबात सहमत नाही. त्या खळाळांना वळसा घालणारी रेल्वे १८९८ मध्येच पूर्ण झाली होती! ती बांधताना मजूर शेकड्यांनी मेले आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या राजवटीत तिच्यावरून रबर आणि हस्तिदंत बाहेर गेलं. अडथळा ओलांडता येत होता, फक्त तो तिथल्या माणसांसाठी ओलांडला गेला नाही.
आणि बोत्स्वानाचं काय? १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा अतिशय गरीब, समुद्रकिनारा नाही, बहुतेक भूभाग कलहारी वाळवंटाचा. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. हिरे काँगोतही आहेत. बोत्स्वानाने त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे केले. काँगोत तो मूठभरांच्या घशात गेला. कोरियात तर १९४५ ला अवजड उद्योग आणि जलविद्युत जास्त करून उत्तरेकडे होती. आज दोन्हीकडची परिस्थिती बघा.

उंबरठा
कोरियाचं उदाहरण इथे लागू होत नाही, दोन्ही कोरियांना समुद्र आहे. बोत्स्वाना तर अपवादच. समुद्र नसलेल्या विकसनशील देशांची संयुक्त राष्ट्रांची यादी ३२ देशांची आहे, त्यातले किती बोत्स्वाना झाले? २०१५ मध्ये नेपाळ भूकंपातून सावरतही नव्हता, तोच दक्षिणेच्या सीमेवरून येणारी वाहतूक अडली. काही महिने गॅस, पेट्रोल, औषधं यांची टंचाई. डोंगरातल्या घरात चूल पेटवायला लाकडं शोधत फिरणाऱ्या बाईला कारभाराचे धडे काय देणार? स्वित्झर्लंडलाही समुद्र नाही, पण बासेलहून ऱ्हाइनमार्गे माल रॉटरडॅम बंदराला जातो आणि त्या नदीवरच्या मुक्त वाहतुकीचा करार १८६८ चा आहे. शेजारी कोण मिळाला, हासुद्धा भूगोलच.

रोखठोक
शेजारी भूगोलाने मिळतो, पण तो कसा वागेल हे राजकारण ठरवतं. तुमचा ऱ्हाइनचा करारच त्याचा पुरावा, तो माणसांनी केला. इथिओपियाला १९९३ पर्यंत किनारा होता. एरिट्रिया वेगळा झाला, तरी तिथलं असाब बंदर इथिओपियाला वापरता येत होतं. १९९८ ला युद्ध पेटलं आणि तेही बंद झालं. या सगळ्यात एकही डोंगर हलला नाही.

नकाशेवेडी
रोखठोक, बंदर राजकारणाने गेलं हे खरंच. पण गेल्यानंतर काय झालं ते बघा. इथिओपियाचा बहुतेक सगळा आयात-निर्यात व्यापार शेजारच्या जिबूती देशाच्या बंदरावरून सुरू झाला. अदिस अबाबापर्यंत साडेसातशे किलोमीटर, तेही उंच पठारावर चढत. त्यासाठी नवी विजेवरची रेल्वे बांधावी लागली, तिचं कर्ज अंगावर आलं. युद्ध दोन वर्षांत थांबलं, भाडं अजून चालू आहे, आणि ते खताच्या प्रत्येक पोत्यावर शेतकरी भरतो. मी वाईट राज्यकर्त्यांची पाठराखण करत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय, की जिबूती आणि माताडीचं भाडं हिशोबात न धरता या देशांना ‘नालायक’ ठरवणं अन्यायाचं आहे. कर्ज देणाऱ्यांनी अटी घालताना आधी हे भाडं कमी करायला पैसे द्यावेत.

रोखठोक
द्यावेत, जरूर द्यावेत. पण रेल्वे कुठून कुठे जाणार आणि तिच्यावर कोणाचा माल चढणार, हे तिथल्या लोकांना विचारून ठरवा. १८९८ मध्ये कोणी विचारलं नव्हतं.