मेलेली माणसं इतकी गोड का बोलतात?

पेठेतला

परवाच्या ‘दिवंगतांचा निरोप’ या पोस्टखालीच लिहिणार होतो, पण प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा. ती ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी: कोथरूडच्या एका हॉलमध्ये एक बाई मृतांचे निरोप सांगतात, माणशी अडीच हजार. लेखिकेचं म्हणणं, ‘हसणाऱ्यांनी आधी अनुभव घ्यावा.’

घेतला. मामींनी पैसे भरले, मी शेजारी बसलो. मामा जाऊन दोन वर्षं होतील. बाईंनी डोळे मिटले आणि मामा बोलू लागले: ‘मी आनंदात आहे. इथे खूप प्रकाश आहे. माझं तुझ्यावर फार प्रेम होतं, सांगायचं राहून गेलं.’

आता आमचे मामा. हयात शनिपाराजवळ गेली. बँकेच्या पासबुकातली नोंद पुसट छापली म्हणून मॅनेजरला पत्र लिहिणारा माणूस. तो वर जाऊन ‘खूप प्रकाश आहे’ म्हणेल, की ‘दिवसाढवळ्या हे दिवे कोणी चालू ठेवलेत?’ असं विचारेल? जन्मभर ‘अगं, ऐकलंस का’च्या पुढे न गेलेला नवरा एकदम प्रेमाबिमावर येतो आणि कोणाला संशय येत नाही?

मी विचारलं, लॉकर कुठल्या शाखेत आहे ते तेवढं सांगा, दोन वर्षं शोधतोय. बाई म्हणाल्या, ‘त्यांना आता लौकिक गोष्टींत रस उरलेला नाही.’ मामांना! लौकिक गोष्टींत! बुकिंग करताना व्हॉट्सॲपवर फोटो, नातं, गेल्याची तारीख आणि आजार सगळं मागवून घेतलं होतं. तेवढंच परत आलं, वर साखर पेरून.

हे खूळ काही आपलं नाही. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींच्या घरात ‘आत्मे’ टकटक करू लागले आणि तिथून हा धंदा जगभर पसरला. त्यातल्याच मार्गारेटने १८८८ मध्ये भर सभेत पायाच्या बोटांचा सांधा वाजवून दाखवला आणि टकटक कशी होते ते सांगितलं. पुढे तिने कबुली मागे घेतली, पण सांधा तर वाजला होता ना?

मला एवढंच विचारायचंय: शरीर गेलं मान्य, पण स्वभाव कुठे गेला? सगळे मेलेले एकाच माणसासारखे का बोलतात?

मुठेकाठची

एवढं लिहिलंत, मामींना कसं वाटलं ते नाही लिहिलंत.

माझा भाऊ अपघातात गेला तेव्हा आईने अन्न टाकलं होतं. मावशी तिला अशाच एकांकडे घेऊन गेली. ते काय बोलले मला माहीत नाही, मी बाहेर चपलांपाशी बसले होते. त्या संध्याकाळी आईने स्वतः उठून कुकर लावला. वाटी तोंडाला लावून आमटी प्यायली. आम्ही सगळे भिंतीकडे बघत जेवलो, तिला वाटायला नको की तिच्याकडे बघतोय.

तुमचा सांधा वाजो नाहीतर न वाजो.

हट्टी प्राध्यापक

ताई, वाईट वाटलं वाचून. पण कुकर लागला म्हणून भाऊ आला होता हे सिद्ध होत नाही. तसं तर झोपेच्या गोळीनेही…

मुठेकाठची

सिद्ध करायला लिहिलंच नव्हतं, सर.

होस्टेलचा भूत

प्लँचेट आम्हीही केलंय. इंजिनिअरिंगला, सबमिशनच्या आदल्या रात्री, वाटी उपडी ठेवून. एकदा लोकमान्य आले आणि इंग्रजी स्पेलिंगच्या तीन चुका करून गेले. त्या तिन्ही चुका आमच्या रूममेटच्या जर्नलमध्ये नेहमी असायच्या.

हट्टी प्राध्यापक

याचाच निकाल फॅरेडेने १८५३ मध्ये लावला. हो, विजेवाला फॅरेडे. टेबल आपोआप फिरतं म्हणणाऱ्यांच्या हातांखाली त्याने पुठ्ठ्याचे थर सैलसर चिकटवून ठेवले. आधी टेबल सरकलं की आधी हात, ते थर बघून कळलं. आधी हात. माणसं खोटं बोलत नव्हती, आपण ढकलतोय हे त्यांना कळतच नव्हतं. घरी करून बघा: सगळ्यांचे डोळे बांधा आणि अक्षरांचा तक्ता गुपचूप फिरवून ठेवा. लोकमान्यांना मराठीसुद्धा येणार नाही.

वेदपाठी

दोन्ही पक्षांनी थोडं घरचं वाचावं. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला आणि तिसरा वर हाच मागितला: मेल्यावर माणूस उरतो की नाही? यम म्हणाला, देवांनाही यात शंका होती, दुसरं काही माग. हत्ती, घोडे, सोनं, शंभर वर्षं जगणारी नातवंडं, सगळं देऊ केलं, पण उत्तराची टाळाटाळ. जे सांगायला यम इतका नाखूश, ते कोथरूडला अडीच हजारांत मिळतं.

शिवाय गरुडपुराण धरायचं तर तेराव्यानंतर जीव यममार्गाला लागतो, वैतरणी ओलांडायची असते, वर्षभराची वाटचाल आहे. दोन वर्षांनी तुमचे मामा हॉलमध्ये रिकामे बसून काय करतायत?

पेठेतला

लॉकरची शाखा सांगायला टाळाटाळ, दुसरं काय. यमाचाच गुण लागला असेल.

भूलतज्ज्ञ

मरणाच्या उंबरठ्यावरून परत आलेल्यांवर अभ्यास झालाय. डॉक्टर सॅम पार्निया यांचा, २०१४ साली प्रसिद्ध झाला. इस्पितळांत हृदय बंद पडण्याच्या २,०६० घटना, वाचलेल्यांपैकी १४० जणांच्या मुलाखती. छताजवळ फळ्या लावून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. कोणीही चित्र सांगितलं नाही. मात्र एका रुग्णाने आजूबाजूला काय चाललं होतं ते पडताळता येईल इतकं नेमकं सांगितलं.

मुठेकाठची

म्हणजे काहीतरी आहे.

भूलतज्ज्ञ

त्याच्या खोलीत फळीच नव्हती.

होस्टेलचा भूत

हे आपलं महापालिकेचं काम वाटतं.

जुना कर्वेनगर

अडीच हजारांवरून एवढा दंगा? माझ्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्याचं बिल सांगितलं तर तुम्हीच वर जाल. वडील शुद्धीवर नव्हते, ‘आज डोळे हलले’ असं इस्पितळवाले रोज सांगत होते. मेलेल्यांचे निरोप तिथेही विकतात, फक्त एसी चांगला असतो.

वाड्यातली सून

पेठेतले साहेब, एक विचारू? मामांच्या दहाव्याला ओंकारेश्वरावर उभे होतात ना? कावळ्याची वाट बघत?

आमच्या सासऱ्यांच्या वेळी पाऊण तास कावळा नाही. गुरुजी घड्याळ बघतायत. धाकटे दीर हात जोडून म्हणाले, ‘दादांना सांभाळीन.’ नाही आला. थोरले म्हणाले, ‘धाकट्याचं लग्न करून देऊ.’ नाही. शेवटी माझे मिस्टर म्हणाले, ‘वाडा बिल्डरला देणार नाही,’ आणि आला की! पिंडावर चोच मारून गेला. आता दीर सही मागतायत, मिस्टर म्हणतात, बाबांना शब्द दिलाय. वकील म्हणाले, कावळ्याची साक्ष चालत नाही. तर ही बाई फसवी आणि तो कावळा खरा, असं तुमचं म्हणणं आहे का?

पेठेतला

कावळा पैसे घेत नाही.

वाड्यातली सून

गुरुजी घेतात.

वेदपाठी

कावळा नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिवतात, शास्त्रात सोय आहे. पाऊण तास थांबायचं कारण नव्हतं.

टेरेसवाला

मुळात कावळे राहिलेत कुठे पुण्यात? कबुतरांनी शहर व्यापलंय. आमच्या समोरच्या गॅलरीत एक काका रोज सकाळी ज्वारी टाकतात, ‘पितरांना पोचते’ म्हणतात. पितरांना काय पोचतं माहीत नाही, आमच्या एसीवर काय पोचतं ते या आणि बघा.

भूलतज्ज्ञ

कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते. दुखणं जुनं झालं की फुप्फुस कायमचं निबर होतं. हे मात्र पुराव्यासकट आहे.

प्राणिमित्र

आलात का मुक्या जिवांवर? दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये झाकला तेव्हा काय झालं ते विसरलात? लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.

टेरेसवाला

श्रद्धा तुमची आणि खिडकी माझी, हे कसं काय?

होस्टेलचा भूत

कबुतरांमुळे कावळे गेले हेही पटत नाही. कावळा कबुतराची अंडी पळवतो. हिशेबाने कावळे माजायला हवेत.

टेरेसवाला

तुम्ही पक्षीतज्ज्ञ का? प्लँचेटवर सलीम अलींना बोलावून विचारा.

प्राणिमित्र

काकांना वडील गेल्यापासून ज्वारी टाकायची सवय असेल. एखाद्याचा आधार काढून घेताना लाज वाटत नाही?

टेरेसवाला

माझ्या बायकोला दमा आहे. तिचा आधार म्हणजे पंप. लाज वाटायची तर कोणाला वाटायला हवी ते ठरवा.

हट्टी प्राध्यापक

मूळ विषयावर येऊ या का? चमत्काराचा दावा करून पैसे काढणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या ओंकारेश्वरावर तुम्ही कावळे मोजताय, तिथल्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ते अठरा वर्षं मागत होते तो कायदा त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला. पेठेतले यांनी पोलिसांत जावं.

मुठेकाठची

आणि जबाब कोण देणार, मामी? सत्तरीच्या बाईला चौकीत बसवून ‘नवरा काय म्हणाला’ विचारणार?

दाभोलकरांबद्दल आदर आहे. माझ्या आईला त्या दिवशी कोणी फसवलं असेल तर मी त्या माणसाची ऋणी आहे, हेही तितकंच खरं. तुम्हाला दोन्ही एकत्र बसत नसेल तर तो तुमचा प्रश्न.

हट्टी प्राध्यापक

एकदा असतं तोवर ठीक. ‘पुढच्या रविवारी परत या, त्यांना अजून बोलायचंय’ सुरू झालं की?

पेठेतला

सुरू झालंय. काल मामींना मेसेज आला, ‘त्यांचा निरोप अपुरा राहिलाय’. पाच सिटिंगचं पॅकेज, थोडी सवलत.

मुठेकाठची

हे वाईट आहे. हे मात्र वाईट आहे. आईला त्यांनी परत बोलावलं नव्हतं.

पेठेतला

चला, तुम्ही माझ्या बाजूने एक वाक्य लिहिलंत, सत्यनारायण घालतो.

बाकी मामींना कसं वाटलं हे तुम्ही विचारलं होतंत, तर काल विचारलं. म्हणाल्या, ‘ते हे नव्हतेच, मला पहिल्याच वाक्याला कळलं. पण दोन वर्षांत त्यांच्याविषयी माझ्याशी अर्धा तास कोणी बोललं नव्हतं.’ पॅकेज घेणार नाहीयेत. तुमच्या आईचं प्रकरण वेगळं असेल, एवढं मी मान्य करतो. त्याहून जास्त नाही.

वाड्यातली सून

आणि कावळा?

पेठेतला

कावळ्याबद्दल प्रतिसाद राखून ठेवतो. आमच्याकडेही वाटणी व्हायचीय.

टेरेसवाला

कोणी गॅलरीला जाळी बसवून घेतली आहे का? चौरस फुटाला काय पडतं? नायलॉनची वर्षभरात फाटते म्हणतात.