शेततळ्यातले हिरवे पाणी: जवाच्या काडाऐवजी भाताचा पेंढा चालेल का?

थेऊर_शेततळे
थेऊरजवळ ३० × ३० × ३ मीटरचे, प्लास्टिकचा कागद टाकलेले शेततळे. पाणी मुळा-मुठेवरच्या उपशाचे. आत रोहू-कटला आहेत, ठिबकही त्यावरच चालते. फेब्रुवारी लागला की वर हिरवा थर धरतो, वाऱ्याने एका कोपऱ्यात जमतो, वास सुटतो आणि पहाटे मासे तोंड वर काढतात. माशांमुळे शेवाळ मारायला मोरचूद नको. जवाचे काड टाकतात असे वाचले, पण इकडे जव मिळत नाही. मावळातला भाताचा पेंढा चालेल का? किती, कधी? पाणी निवळायला शेवग्याच्या बियांचे काय?

जलपरीक्षक
आधी शेवाळ ओळखा. काठी बुडवून काढा. हिरवे केस लोंबले तर तंतुमय शेवाळ. रंगात बुडवल्यासारखी काठी माखली तर बहुधा निळे-हिरवे, मायक्रोसिस्टिसच्या जातीचे. खात्रीसाठी काचेच्या बाटलीत पाणी रात्रभर न हलवता ठेवा. निळे-हिरवे वर येऊन कडे धरते, कारण त्याच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असतात.

वर्णनावरून तुमचे हेच वाटते. यातले काही प्रकार यकृताला घातक विष तयार करतात आणि ते उकळून जात नाही. गुरांना हे पाणी पाजू नका, थरात हात घालायचा तर हातमोजे घाला. मोरचूद टाळताय ते माशांपलीकडेही योग्यच आहे: पेशी एकदम फुटल्या की आतले विष पाण्यात उतरते.

पेंढा_आणि_पाणी
भाताचा पेंढा चालतो. मायक्रोसिस्टिसची वाढ तो रोखतो असे प्रयोगांत दिसले आहे. पण मात्रेचे आकडे जवाच्या काडाचे आहेत, तेच आधार म्हणून घ्यायचे. हिशोब पाण्याच्या घनफळावर नाही, पृष्ठभागावर: नेहमीसाठी चौरस मीटरला २५ ग्रॅम, पाणी फारच खराब असेल तर पहिल्यांदा ५० ग्रॅम. तुमचा पृष्ठभाग ९०० चौ.मी., म्हणजे २२.५ किलो, फार तर ४५. त्याहून जास्त नको, कुजताना ऑक्सिजन खातो.

पेंढा वाळलेला, पिवळा हवा. हिरवे गवत टाकले तर नुसते सडते आणि शेवाळालाच खत मिळते. कांद्याच्या जाळीदार गोण्यांत सैल भरा, प्रत्येकीत दीड-दोन किलो. गच्च गठ्ठा टाकला की आत हवा जात नाही, पेंढा काळा पडून कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, आणि मग फायदा शून्य. भिजल्यावर गोणी बुडते, म्हणून आत दोन रिकाम्या, बूच लावलेल्या बाटल्या टाका. दोर बांधावरच्या खुंट्यांना बांधा. खाली दगड बांधू नका, कागद फाटतो.

आता वेळ, इथेच बहुतेकांचे चुकते. पेंढा आधी आलेले शेवाळ मारत नाही, फक्त नवे वाढू देत नाही. २० अंशांवरच्या पाण्यात एक-दोन आठवड्यांनी परिणाम सुरू होतो, गार पाण्यात जास्त वेळ लागतो. म्हणून जानेवारीच्या सुरुवातीलाच टाका. थंड देशांत काड सहा महिने पुरते; आपल्या उन्हाळ्यात ते लवकर संपेल, लगदा झाला की गोणी बाहेर काढून बदला.

गाळ_आधी_काढा
पेंढ्यावर एवढा भरवसा नको. कुठे चालतो, कुठे अजिबात नाही. मूळ दुखणे स्फुरदाचे (फॉस्फरसचे) आहे: नदीतले सांडपाणी, माशांचे उरलेले खाद्य आणि तळातला गाळ. नदीचे पाणी थेट तळ्यात न सोडता आधी छोट्या खड्ड्यात निवळू द्या, खाद्य अर्ध्या तासात संपेल एवढेच घाला.

शेवग्याचे गणित करून बघा. तळे पूर्ण भरले, उतार १:१ धरला, तर साधारण २२ लाख लिटर पाणी. लिटरला ५० मिलिग्रॅम बियांची पूड म्हटली तरी ११० किलो! वर बियांतले सेंद्रिय द्रव्य पाण्यातच राहते. बादलीपुरता उपाय आहे, तळ्याचा नाही. कडुनिंबाचा अर्कही नको, जास्त झाला की माशांनाच बाधतो.

वाळा किंवा कर्दळ तरंगत्या तराफ्यावर लावा, मुळे स्फुरद ओढतात. मात्र वाढ नियमित कापून बांधाबाहेर न्यायची. तिथेच सडली तर सगळे परत पाण्यात. जलपर्णी मात्र चुकूनही आणू नका.

थेऊर_शेततळे
धन्यवाद. पण आत्ता थर आलाच आहे, त्याचे काय करू? पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर आहे.

पेंढा_आणि_पाणी
पेंढा आत्ता टाकू नका. एअरेटर रात्री दहापासून उजाडेपर्यंत चालवा. ऑक्सिजन सर्वात कमी पहाटे असतो. खाद्य बंद. कोपऱ्यातला थर सकाळी वारा पडलेला असताना सुती कापडाने ओढून काढा आणि विहिरीपासून लांब पुरा. ठिबकच्या पंपाची फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) फ्लोटला टांगून पृष्ठभागाखाली मीटरभर ठेवा, सँड फिल्टर रोज उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा. पुढच्या जानेवारीत गोण्या बांधाल तेव्हा चार-पाच एअरेटरजवळ ठेवा, तिथे पेंढा चांगला कुजतो.